मधला चौक

बँकेत घरकर्जाची प्रकरणं तपासताना लेआउटच्या नकाशात मी सर्वांत आधी मागच्या प्लॉटची वहिवाट शोधत असे. शेजाऱ्यांची भांडणं बहुधा त्या दहा-बारा फुटांवरूनच जुंपतात. घरांमधल्या अशा वाटांचा आणि मोकळ्या जागांचा ज्यांनी ध्यास घेतला ते पॅट्रिक गेडिस काही वर्षं आपल्या मुंबईत होते, हे फार थोड्यांना माहीत असतं.

जन्म १८५४ चा, स्कॉटलंडमधला. पेशा वनस्पतिशास्त्राचा. तरुणपणी मेक्सिकोत काही काळ दृष्टी गेली, पुढे सूक्ष्मदर्शकाचं काम झेपेना आणि लक्ष माणसांच्या वस्तीकडे वळलं. लग्न झाल्यावर १८८६ मध्ये पत्नी ॲनासह ते एडिंबरोच्या जुन्या, कळकट वस्तीतच राहायला गेले. शेजाऱ्यांना हाताशी धरून भिंती रंगवल्या, अंगणं साफ केली.

१९१४ मध्ये ते हिंदुस्थानात आले. त्यांच्या प्रदर्शनाचे नकाशे आणणारं जहाज ‘एम्डेन’ या जर्मन युद्धनौकेनं बुडवलं. १९१७ मध्ये मुलगा फ्रान्सच्या रणांगणावर पडला. इकडे ॲना आजारी होत्या. त्यांना ही बातमी कळू दिली नाही. काही आठवड्यांत त्याही गेल्या. एवढ्या दुःखात हा माणूस इंदूरच्या गल्ल्या पायी पालथ्या घालत होता, याचं मला नवल वाटतं.

होळकर दरबाराला त्यांनी १९१८ मध्ये दोन खंडांचा अहवाल दिला. दाट वस्तीतून सरळ रुंद रस्ता काढायचा आणि आड येतील ती घरं पाडायची, ही तेव्हाची रीत त्यांना मान्य नव्हती. पडीक घर तेवढं काढावं, तिथं चौक करावा, एखादं झाड लावावं, असा त्यांचा खाक्या. दिवाळीची मिरवणूकसुद्धा ज्यांनी गल्ल्या झाडून स्वच्छ केल्या त्यांच्याच दारावरून नेली!

१९१९ मध्ये मुंबई विद्यापीठात समाजशास्त्राचा विभाग त्यांनी सुरू केला. गो. स. घुर्ये त्यांचे विद्यार्थी.

१९२५ चा तेल अवीवचा आराखडाही त्यांचाच. बाहेरून मोठे रस्ते, आत अरुंद वाटा, बेताच्या उंचीची घरं आणि गटाच्या मधोमध सर्वांची बाग. रस्ता नगरपालिकेचा, घर मालकाचं. ही बाग सांभाळायची कुणी? काही बागा पुढे झाल्याच नाहीत. गेडिस १९३२ मध्ये फ्रान्समध्ये वारले. त्यांच्या आराखड्यावर उभा राहिलेला तो भाग २००३ मध्ये जागतिक वारसा ठरला आणि काही गटांच्या पोटात त्या छोट्या बागा टिकून आहेत.