चाकरी कोणाची?

गडचिरोली जिल्ह्यातील एका शाखेत मी अधिकारी होतो, तेव्हाची गोष्ट. एके दिवशी दुपारी एक तरुण दोन नेमणूकपत्रे घेऊन माझ्या टेबलापाशी आला. मुलगा ख्रिस्ती घरातला, नर्सिंगचा अभ्यासक्रम नुकताच पुरा केलेला. एक पत्र नागपूरच्या मोठ्या रुग्णालयाचे होते, दुसरे जंगलपट्टीतल्या एका लहानशा दवाखान्याचे. दोहोंच्या पगारात जवळजवळ दुपटीचा फरक. कोणती नोकरी धरू, असे त्याने विचारले. मी सवयीप्रमाणे कागद ओढला. मूळ पगार, भत्ते, भविष्यनिर्वाह निधी असा सगळा हिशेब मांडून बेरीज करून दिली. त्याने कागदाची नीट घडी घातली, आभार मानले आणि जाता जाता इतकेच सांगितले की, बेरीज त्यालाही येत होती.

त्याला काय विचारायचे होते, हे मला बऱ्याच वर्षांनी, रेव्हरंड नारायण वामन टिळकांचे चरित्र पुन्हा वाचताना उमगले.

टिळक आपल्याला ठाऊक आहेत ते शाळेच्या पुस्तकातून. ‘केवढे हे क्रौर्य!’ ही कविता वाचताना डोळे ओले झाले नाहीत असे मराठी घर विरळा. फुलामुलांचे कवी म्हणून आपण त्यांना ओळखतो. पण त्यांच्या आयुष्याला वळण लागले ते आपल्या अगदी शेजारी, हे आपल्याकडे फारसे कोणाच्या ध्यानात नसते. कोरची तालुक्याची सीव ओलांडली की छत्तीसगडचा मुलूख लागतो आणि राजनांदगाव तेथून काही फार दूर नाही. त्या राजनांदगावच्या वाटेवरच टिळकांना त्यांचे खरे काम भेटले.

त्यांचा जन्म ६ डिसेंबर १८६१ चा, कोकणातल्या करजगावचा. आई लवकर गेली, वडिलांचा स्वभाव कडक. मुलगा घर सोडून नाशिकला आला आणि गणेशशास्त्री लेले यांच्यापाशी संस्कृत शिकला. १८८० साली जलालपूरच्या गोखल्यांची मनकर्णिका त्यांची पत्नी झाली. याच पुढे ‘स्मृतिचित्रे’ लिहिणाऱ्या लक्ष्मीबाई. संसार सुरू झाला, पण टिळकांचा पाय एका जागी ठरेना. कुठे शाळामास्तर, कुठे कीर्तनकार, कुठे पुराणिक. गाव बदलावे, नोकरी बदलावी, हातात चार पैसे आले की ते कोणा गरजवंताला देऊन मोकळे व्हावे. राग नाकाच्या शेंड्यावर आणि दया त्याहून पुढे. अशा माणसाच्या बायकोने घर कसे चालवले असेल, याची कल्पना गृहिणींनीच करावी.

पुढे नागपूरला श्रीमंत बुटी यांच्या आश्रयाने संस्कृत ग्रंथांचे काम मिळाले. पण मनात घोळत होते ते वेगळेच. जातिभेदाने आणि रूढींनी पोखरलेल्या या समाजाला उभे करील असा धर्म कोणता, हा प्रश्न त्यांना झोपू देत नव्हता.

१८९३ साली ते नोकरीच्या निमित्ताने नागपूरहून राजनांदगावला निघाले. डब्यात एक गोरा गृहस्थ होता. संस्कृत काव्यावरून बोलणे निघाले आणि धर्मावर आले. उतरण्यापूर्वी त्या गृहस्थाने त्यांना नवा करार भेट दिला आणि दोन वर्षांच्या आत तुम्ही ख्रिस्ती व्हाल, असे भाकीत केले म्हणतात. तो गृहस्थ पुन्हा त्यांना कधी भेटला नाही. पुस्तक मात्र टिळकांनी वाचायला घेतले, आणि डोंगरावरील प्रवचनापाशी ते थबकले. वैऱ्यावरही प्रीती करा, उद्याची चिंता करू नका, देव आणि धन या दोघांची चाकरी एकाच वेळी होत नाही, हा त्या प्रवचनाचा आशय. पैसा हाती न टिकणाऱ्या त्या माणसाला हे शब्द आपल्याच घरचे वाटले असतील, तर नवल नाही.

१० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला. त्याची किंमत एकट्या टिळकांनी भरली नाही. लक्ष्मीबाई सोवळ्याओवळ्यात वाढलेल्या, कडेवर लहानगा दत्तू. आप्तांच्या आधाराने, लोकांची बोलणी सोशीत त्यांनी जवळजवळ पाच वर्षे पतीवेगळी काढली. नवऱ्याला देव सापडला आणि बायकोचे घर गेले, असा तो हिशेब होता. पण टिळकांनी त्यांच्यावर आपला धर्म लादला नाही. त्या परत आल्या त्या स्वतःच्या पायांनी, आणि १९०० साली बाप्तिस्मा घेतला तो स्वतःच्या विचाराने. माणूस माणसाला विटाळतो ही कल्पना त्यांनी आपल्याच मनाशी झगडून टाकून दिली होती.

अहमदनगरला अमेरिकन मराठी मिशनमध्ये टिळकांना स्थिर नोकरी लाभली. ते शिकवीत, उपदेश करीत; १९०४ साली त्यांना पाळकपदाची दीक्षा मिळाली, आणि १९१२ पासून ‘ज्ञानोदय’चा मराठी भाग त्यांच्या हाती आला. बालकवी ठोंबरे त्यांच्या घरी मुलासारखे राहिले. येथे एक गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे. धर्म बदलला म्हणून टिळकांनी आपला जुना व्यवसाय फेकून दिला नाही. पूर्वी ते कीर्तन करीत, आताही कीर्तनच करीत. फक्त आख्यान ख्रिस्ताचे. पूर्वी कविता करीत, आता अभंग आणि भजने रचू लागले. मराठी मंडळ्यांत तोवर इंग्रजी चालींवरची भाषांतरित गीते चालत. टिळकांनी ख्रिस्ताला टाळमृदंगाच्या नादात आणि ज्ञानोबा-तुकोबांच्या भाषेत आणून बसवले. आज मराठी ख्रिस्ती मंडळी ज्या ‘उपासना संगीता’तून गातात, त्यातला फार मोठा वाटा टिळकांचा आहे.

इथवरची गोष्ट कोणालाही पटेल. आवडीचे काम, बरा पगार, समाजात मान. माझ्यासारखा बँकवाला म्हणेल, आता निवृत्तीपर्यंत असेच चालू द्यावे. टिळकांनी मात्र १९१७ साली, वयाच्या पंचावन्नाव्या वर्षी, मिशनची नोकरी सोडली. कोणाशी भांडून नव्हे. परदेशी पैशावर जगणारा उपदेशक आपल्याच देशबांधवांना भाडोत्री वाटतो, ही गोष्ट त्यांना सलत होती. ज्याचा पगार घ्यायचा त्याच्याकडे लोक पाहतात, ज्याचा निरोप सांगायचा त्याच्याकडे पाहत नाहीत. म्हणून त्यांनी ख्रिस्ती संन्यास पत्करला आणि साताऱ्यास ‘देवाचा दरबार’ भरवला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, ख्रिस्ताला गुरू मानणारे सारेच त्यात बसू शकत.

या दरबाराला अवघी दीड-दोन वर्षे मिळाली. ९ मे १९१९ रोजी मुंबईत टिळक गेले. त्यांच्याच इच्छेप्रमाणे त्यांच्या देहाचे दहन झाले. ‘ख्रिस्तायन’ हे त्यांचे महाकाव्य अपुरे राहिले. ते पुरे केले लक्ष्मीबाईंनी. ज्या बाईला एकेकाळी या निवडीने उघड्यावर आणले होते, तिनेच ते काम आपले म्हणून शेवटास नेले.

आपल्या भागाला अशा निवडी परक्या नाहीत. वरोऱ्याला वकिली करणाऱ्या बाबा आमट्यांनी ती सोडून आनंदवन उभारले, हे येथल्या पोराटोरांना माहीत आहे. पण प्रत्येकाने नोकरी सोडावी, असे टिळकांचे चरित्र सांगत नाही. बावीस वर्षे त्यांनी मिशनची नोकरी केलीच, आणि त्या नोकरीतले कामही सोने होते. ते चरित्र एवढेच सांगते की, काम निवडताना पगाराच्या बेरजेखाली आणखी दोन प्रश्न लिहावेत. माझ्या हातातली कला या कामातून कोणापर्यंत पोहोचणार? आणि या निवडीची किंमत माझ्या घरात कोण भरणार, त्याला मी विचारले आहे काय? पहिला प्रश्न टिळक जन्मभर विचारीत आले. दुसरा त्यांनी वेळेवर विचारला नाही, आणि पाच वर्षे त्याचे उत्तर लक्ष्मीबाईंनी दिले.

तो तरुण नागपूरला गेला की जंगलातल्या दवाखान्यात, मला कळले नाही. पण आज तो पुन्हा माझ्यापुढे बसला, तर मी बेरीज जरूर करून देईन. पोट कोणाला सुटलेले नाही. मग कागद उलटून त्याच्याकडे सरकवीन आणि कोऱ्या बाजूवर हे दोन प्रश्न त्याच्याच हाताने लिहायला सांगेन.