विरजणाची गोष्ट

दही लावायला काय लागतं? दूध, हे कोणीही सांगेल. पण दुधाच्याही आधी चमचाभर दही लागतं. घरात नसेल तर आई वाटी देऊन शेजारी पिटाळते. मग लहानपणी हमखास एक प्रश्न पडायचा, जगातलं पहिलं दही कुणी आणि कशाने लावलं?

कम्पायलरचंही अगदी असंच आहे. आपण लिहिलेल्या प्रोग्रामचं तो मशीनच्या भाषेत रूपांतर करतो. पण कम्पायलर हासुद्धा एक प्रोग्रामच! जीसीसी हा आपल्या सगळ्यांचा आवडता ओपन सोर्स कम्पायलर आज सी++ मध्ये लिहिलेला आहे. म्हणजे जीसीसी बनवायला आधी सी++ चा कम्पायलर पाहिजे. चमचाभर विरजण!

धरणगाव म्हटलं की लोकांना बालकवी आठवतात. मला मात्र माझा जुना पीसी आठवतो. थोरल्या भावाने वापरून सोडलेला, जीसीसी ४.८ असलेला. दिवाळीच्या सुट्टीत त्यावर जीसीसी १५ सोर्सपासून बनवायला बसलो, तर पहिल्या काही मिनिटांतच त्याने मला दारातून परत पाठवलं. त्याला किमान सी++१४ समजणारा कम्पायलर हवा होता आणि माझा त्या आधीचा.

शोधल्यावर कळलं की हा उंबरठा हळूहळू उंच होत आलाय. फार पूर्वी जुन्या वळणाची सी चालायची, मग सी८९ ची अट आली. २०१३ च्या ४.८ आवृत्तीपासून सी++९८ लागू लागलं, २०२१ च्या ११ पासून सी++११ आणि २०२५ च्या १५ पासून सी++१४. खरं सांगतो, राग आला. ज्याच्याकडे नवीन मशीन नाही त्याने काय करायचं? या 'किमान पात्रते'चं खूळ आलं कुठून, हे शोधत मागे मागे गेलो आणि एका बाईंपाशी येऊन थांबलो. त्यांचं नाव ग्रेस हॉपर.

हॉपरबाईंचा जन्म ९ डिसेंबर १९०६ चा, न्यूयॉर्कचा. सात वर्षांच्या असताना घड्याळ कसं चालतं हे बघायला त्यांनी घरातली गजराची घड्याळं एकामागून एक खोलली. सात घड्याळं खोलून झाल्यावर आईच्या लक्षात आलं. (आपल्याकडे पहिल्या घड्याळालाच काय झालं असतं, ते सांगायला नको!) पुढे व्हॅसर कॉलेजात शिकवणं सुरू झालं आणि १९३४ मध्ये येल विद्यापीठातून गणितात पीएच.डी. झाली.

दुसऱ्या महायुद्धात त्यांनी नौदलात जायचं ठरवलं. तिथे गंमत झाली. वय जास्त भरलं आणि वजन सुमारे सात किलो कमी! म्हणजे किमान पात्रतेत बाई बसतच नव्हत्या. पण त्या हटल्या नाहीत. खास सवलत मिळवून १९४३ च्या डिसेंबरमध्ये राखीव नौदलात दाखल झाल्या आणि १९४४ मध्ये हार्वर्डला मार्क-१ या यंत्रावर रुजू झाल्या. हे यंत्र ५१ फूट लांब होतं. त्याच्या सूचना कागदी पट्टीवर भोकं पाडून द्यायच्या.

तिथे एक रोजची कटकट होती. कुणी साइन काढायचा प्रोग्राम आधी लिहून ठेवलेला असला, तर दुसरा तो आपल्या वहीत उतरवून घ्यायचा. उतरवताना एखादा आकडा चुकायचा, की पुढचं सगळं बोंबललं. (आपल्या जर्नलसारखंच.) हॉपरबाईंनी विचार केला की नक्कल करण्याचं काम माणूस नीट करत नाही, तर ते यंत्रालाच का देऊ नये? १९४९ मध्ये त्या फिलाडेल्फियाला एकर्ट आणि मॉकली यांच्या कंपनीत गेल्या. तिथे युनिव्हॅक यंत्रासाठी १९५२ मध्ये त्यांचा ए-० तयार झाला. तयार तुकड्यांना क्रमांक द्यायचे, आपण फक्त क्रमांक लिहायचे, यंत्र ते तुकडे शोधून एकत्र जुळवणार. असं संकलन करणारा म्हणून नाव पडलं कम्पायलर. आजच्या हिशोबाने तो लिंकर-लोडरच्या जास्त जवळचा होता. पण त्याच्या आधी विरजणच नव्हतं! आकड्यांच्या भाषेत, हाताने लावलेलं ते पहिलं दही.

लोकांचा विश्वास मात्र बसेना. यंत्राने फक्त आकडेमोड करायची, प्रोग्राम लिहिणं त्याचं काम नव्हे, असंच बहुतेकांचं मत होतं. हॉपरबाई पुढे जातच राहिल्या. १९५३ मध्ये ए-२ ची आवृत्ती ग्राहकांना दिली ती सोर्स कोडसकट. वापरा, सुधारा आणि सुधारणा आम्हालाही कळवा, असं सांगून. ओपन सोर्स हा शब्द जन्मायला अजून चाळीसहून जास्त वर्षं होती!

मग त्यांनी इंग्रजी शब्दांत सूचना घेणारा कम्पायलर आणला. वरिष्ठांना दाखवताना तोच प्रोग्राम फ्रेंच आणि जर्मन शब्दांतही चालवला. यंत्राला काय, सगळ्या खुणा सारख्याच. पण अमेरिकन यंत्राला परदेशी भाषा कळते हे बघून साहेबलोक हादरले आणि इंग्रजीपुरतंच ठेवा म्हणाले. मी घरी अहिराणी, शाळेत मराठी आणि कॉलेजात इंग्रजी असे तीन उंबरठे ओलांडलेले. त्यामुळे हा प्रसंग वाचून थोडं हसू आलं, थोडं वाईटही वाटलं.

या कम्पायलरमधून पुढे फ्लो-मॅटिक ही भाषा आली आणि तिचा मोठा ठसा कोबोलवर उमटला. कोबोल १९५९ पासून एका समितीने घडवली, हॉपरबाई सल्लागार होत्या. डिसेंबर १९६० मध्ये एकच कोबोल प्रोग्राम आरसीए आणि युनिव्हॅक अशा दोन वेगळ्या कंपन्यांच्या यंत्रांवर, किरकोळ बदल करून, चालवून दाखवला गेला. त्या काळी हा चमत्कारच.

पण बारा कोसांवर भाषा बदलते, तशी ही कोबोलही कंपनीगणिक बदलायला लागली. पाटी कोबोलची, आत भलतंच. नौदलाने १९६६ अखेर वयामुळे निवृत्त केलेल्या हॉपरबाईंना १९६७ मध्ये परत बोलावलं ते हा गोंधळ निस्तरायला. बोलावलं सहा महिन्यांसाठी, त्या राहिल्या १९ वर्षं! त्यांच्या गटाने चाचणी प्रोग्रामांचा संचच बनवला. जो कम्पायलर त्यातून पार पडेल तोच खरा. म्हणजे किमान पात्रतेची अट घालणारी बाई तीच, जी स्वतः एकदा किमान पात्रतेत बसली नव्हती!

इथे माझा राग थोडा निवळला. अट नसेल तर प्रत्येकाचा प्रोग्राम त्याच्याच यंत्रात अडकून पडतो. आणि अट कधीच वाढवली नाही, तर कम्पायलर लिहिणाऱ्यांना कायम जुन्या, अवघड वळणाने लिहावं लागतं. हॉपरबाईंना पूर्वापार चालत आलंय म्हणून तसंच चालू ठेवण्याची फार चीड. त्यांच्या ऑफिसात उलटं फिरणारं घड्याळ होतं. वेळ त्यातही बरोबरच कळायची! १९८६ मध्ये त्या रिअर अ‍ॅडमिरल म्हणून निवृत्त झाल्या, वयाच्या ७९ व्या वर्षी. १ जानेवारी १९९२ ला त्या गेल्या. नौदलाच्या एका युद्धनौकेला त्यांचं नाव आहे.

आता माझ्या पीसीचं काय झालं? जीसीसीवाल्यांनी उंबरठा वाढवलाय, पण पायऱ्या काढून टाकलेल्या नाहीत. सी++१४ हे प्रमाण २०१४ चं, त्याची अट आली २०२५ मध्ये. अकरा वर्षं थांबले. शिवाय जुन्या आवृत्त्यांचे सोर्स सगळ्यांसाठी खुले आहेत. मी ४.८ ने आधी जीसीसी १० बनवला, कारण त्याला सी++९८ पुरतं. मग १० ने १५ बनवायला घेतला. त्यातही मजा आहे. शेजारच्या विरजणाने पहिलं दही, त्या दह्याने दुसरं, दुसऱ्याने तिसरं, आणि दुसरं-तिसरं जुळतंय का हे कम्पायलर स्वतःच तपासतो. मध्ये लाइट गेली, दोन रात्री गेल्या, आईने तीनदा विचारलं की हे यंत्र काय दळतंय. पण झालं!

उद्या आपल्यापैकी कुणी असा उंबरठा वाढवायच्या जागी बसला, तर जरूर वाढवावा. फक्त त्याआधी खाली एखादी पायरी आहे ना, हे बघावं. धरणगावात कुणीतरी वाटी घेऊन दारात उभं असेल.

(तृतीय वर्ष, संगणक अभियांत्रिकी)