सांडपाण्याची वाट : पॅट्रिक गेडिस

इ. स. १९१७ मध्ये जबलपूरच्या नगरपालिकेला शहराच्या रचनेविषयी एक अहवाल मिळाला. तो लिहिणारे गृहस्थ स्थापत्यविशारद नव्हते; ते वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापक होते. त्यांचे नाव पॅट्रिक गेडिस.

गेडिस यांचा जन्म २ ऑक्टोबर १८५४ रोजी स्कॉटलंडमधील बॅलेटर या गावी झाला. लंडन येथे थॉमस हक्सली यांच्याकडे त्यांनी जीवशास्त्राचा अभ्यास केला. १८७९ मध्ये मेक्सिकोत असताना त्यांची दृष्टी काही काळ गेली. ती परत आली, तरी सूक्ष्मदर्शकाचे काम पूर्वीसारखे करणे त्यांना शक्य राहिले नाही. तेव्हा वनस्पतींकडे पाहणारी त्यांची नजर माणसांच्या वस्तीकडे वळली.

१८८६ मध्ये अ‍ॅना मॉर्टन यांच्याशी त्यांचा विवाह झाला. या दांपत्याने एडिंबरोच्या जुन्या भागातील जेम्स कोर्ट या कोंदट, गलिच्छ वस्तीत बिऱ्हाड थाटले. प्रतिष्ठित मंडळींना हा वेडेपणाच वाटला असेल. परंतु शेजाऱ्यांना बरोबर घेऊन त्यांनी अंगण झाडले, भिंतींना चुना दिला आणि मोकळ्या जागेत झाडे लावली. सगळी वस्ती पाडण्याऐवजी जेवढे रोगट तेवढेच काढावे, ही त्यांची पद्धत येथेच तयार झाली.

मद्रासचे गव्हर्नर लॉर्ड पेंटलंड यांच्या निमंत्रणावरून १९१४ मध्ये ते हिंदुस्थानात आले. त्यांच्या नगरविषयक प्रदर्शनाचे साहित्य आणणारे जहाज जर्मन युद्धनौकेने बुडवले, तेव्हा त्यांनी नवे साहित्य जमवून प्रदर्शन भरवले. पुढे नागपूर, जबलपूर, इंदूर अशा अनेक शहरांच्या गल्ल्या त्यांनी पायी तुडवल्या.

जबलपूर १८१७ पर्यंत नागपूरकर भोसल्यांच्या अमलाखाली होते. १८७० मध्ये मुंबई आणि कलकत्ता यांना जोडणारे लोहमार्ग तेथे एकत्र आले व वस्ती झपाट्याने वाढली. राणीताल, चेरीताल, आधारताल, हनुमानताल अशा तलावांसाठी हे शहर प्रसिद्ध होते. डास होतात म्हणून तलाव बुजवून टाकावेत, असे त्या काळी अनेक शहरांत अधिकारी सुचवीत. गेडिस यांचे मत नेमके उलट होते. तलाव स्वच्छ ठेवावा, त्यात डासांच्या अळ्या खाणारे मासे वाढू द्यावेत. पावसाचे पाणी सामावून घेणारी जागाच नाहीशी केली, तर ते पाणी शेवटी घरांतच शिरणार. पुढे जबलपूरचे कित्येक तलाव आटले किंवा बुजले. चेरीताल हे तर आता एका वस्तीचे नाव आहे.

गटारांविषयीही त्यांचा विचार असाच साधा होता. गटाराला पुरेसा उतार आणि पाण्याचा पुरेसा वेग हवा. वेग मंदावला की राख, माती आणि खरकट्याचा गाळ तळाशी बसतो आणि वाट तुंबते. उघडी नाली तुंबली तर लगेच दिसते. जमिनीखालची नळी तुंबल्याचे मात्र पाणी उलटे मोरीत येईपर्यंत कळत नाही. पाण्याची टंचाई असलेल्या शहरांत प्रचंड खर्चाची भुयारी गटारे बांधून सारी घाण नदीत सोडणे गेडिस यांना उधळपट्टी वाटे. सांडपाणी शक्य तेथे जवळच्या बागेला द्यावे आणि सफाई कामगाराला माळी होण्याची संधी मिळावी, असे ते सुचवीत.

१९१७ हे वर्ष त्यांच्यासाठी अतिशय दुःखाचे ठरले. एप्रिलमध्ये थोरला मुलगा अ‍ॅलिस्टर फ्रान्समध्ये युद्धात मारला गेला. अ‍ॅना त्या वेळी हिंदुस्थानात विषमज्वराने अंथरुणाला खिळल्या होत्या. ती वार्ता गेडिस यांनी त्यांना कळू दिली नाही आणि जूनमध्ये त्या वारल्या. अशुद्ध पाण्यातून पसरणाऱ्या रोगाशी झगडणाऱ्या माणसाच्या घरातच त्या रोगाने बळी घेतला.

तरीही त्याच वर्षी ते होळकरांच्या इंदुरात प्लेगशी लढत होते. दिवाळीला त्यांनी एक भव्य मिरवणूक काढली. जे रस्ते सर्वांत स्वच्छ, त्यांवरूनच ती जाईल असे जाहीर होताच लोकांनी घरे आणि गल्ल्या झाडून काढल्या. मिरवणुकीत प्लेगचा राक्षस आणि अवाढव्य उंदीर होता. आणि पांढऱ्याशुभ्र नव्या कपड्यांत, हारफुलांनी सजलेले सफाई कामगार मानाने चालत होते. दंडाच्या नोटिसांपेक्षा हा उपाय किती शहाणपणाचा होता!

१९१९ मध्ये ते मुंबई विद्यापीठात समाजशास्त्राचे प्राध्यापक झाले. मालवणचे गोविंद सदाशिव घुर्ये हे तेथील त्यांचे विद्यार्थी; त्यांनीच पुढे तो विभाग नावारूपाला आणला. १९२४ मध्ये गेडिस फ्रान्समधील माँपेलिए येथे गेले आणि तेथेच १७ एप्रिल १९३२ रोजी त्यांचे निधन झाले.