हैदराबादची बोलणी दिल्लीत झाली, पॅरिसपर्यंत गेली. पण हिप्परग्याच्या मास्तरांना कुणी बोलावलंच नाही

जुन्या उस्मानाबाद जिल्ह्यातून, म्हणजे आजच्या धाराशिवमधून, दोन माणसं पुढे आली आणि १९४७-४८ मध्ये अख्ख्या हैदराबाद संस्थानाचं राजकारण त्यांच्या नावांभोवती फिरलं. पहिला कासिम रझवी. हा लातूरचा वकील, पुढे रझाकारांचा प्रमुख झाला. लातूर तेव्हा उस्मानाबाद जिल्ह्यातच होतं, त्याचा वेगळा जिल्हा १९८२ साली झाला. दुसरे हिप्परग्याच्या शाळेचे मुख्याध्यापक, स्वामी रामानंद तीर्थ.

स्वामीजींचं नाव मराठवाड्यात सगळ्यांनी ऐकलेलं असतं. नांदेडच्या विद्यापीठाला त्यांचं नाव आहे, १७ सप्टेंबरला भाषणांत ते हमखास येतं. पण त्यांनी नेमकं काय केलं असं विचारलं, तर उत्तर बहुतेक वेळा 'निजामाविरुद्ध लढले' इथंच थांबतं. खरं तर त्यांनी एका देशाच्या सीमेचा प्रश्न दोनदा लढवला. एकदा हैदराबाद भारतात यावं म्हणून आणि दुसऱ्यांदा तेच हैदराबाद मोडावं म्हणून. दुसरी लढाई आपण जवळजवळ विसरलोय.

त्यांचं मूळ नाव व्यंकटेश खेडगीकर. जन्म ३ ऑक्टोबर १९०३, विजापूर जिल्ह्यातल्या सिंदगीत. म्हणजे निजामाच्या नाही, ब्रिटिशांच्या मुलखात. शिक्षण सोलापुरात झालं. १९२० मध्ये टिळक गेले तेव्हा या मुलाने लग्न न करण्याचं ठरवलं आणि ते शेवटपर्यंत पाळलं. असहकार चळवळीत सरकारी शाळा सोडली, पुढे अमळनेर आणि पुण्याच्या टिळक महाराष्ट्र विद्यापीठात शिक्षण पूर्ण केलं. मग कामगार नेते ना. म. जोशी यांच्याबरोबर काम केलं. युनियनच्या कामात बऱ्यापैकी स्थिरावू शकेल असा हा तरुण होता.

पण तो आला हिप्परग्याला.

हिप्परगा म्हणजे आजच्या लोहारा तालुक्यातलं गाव. १९२१ साली तिथे राष्ट्रीय शाळा निघाली होती. ही गोष्ट किती मोठी होती, हे आज कळायला जरा थांबावं लागतं. संस्थानात सरकारी कामकाज उर्दूत चालायचं, वरच्या वर्गांचं शिक्षण उर्दूत. मराठी मुलाला पुढे शिकायचं तर आधी दुसरी भाषा शिका, नाहीतर सीमा ओलांडून सोलापूर-पुण्याला जा. सभा घ्यायची तरी परवानगी लागायची. अशा ठिकाणी मराठीतून शिकवणारी, सरकारच्या पैशावर न चालणारी शाळा म्हणजे आपोआपच राजकारण. खेडगीकर मास्तर इथे मुख्याध्यापक झाले आणि इथेच त्यांनी संन्यास घेऊन रामानंद तीर्थ हे नाव घेतलं. भगवी वस्त्रं आली, पण मठ काही आला नाही. १९३५ मध्ये बाबासाहेब परांजपे यांच्यासारख्या सहकाऱ्यांसह ते अंबाजोगाईला गेले आणि तिथल्या योगेश्वरी विद्यालयात तेच काम पुढे चालू ठेवलं. पुढच्या लढ्यातले कितीतरी कार्यकर्ते या दोन शाळांतून निघाले.

१९३८ मध्ये हैदराबाद स्टेट काँग्रेस स्थापन होण्याआधीच निजाम सरकारने तिच्यावर बंदी घातली. जन्मायच्या आधी बंदी, असा प्रकार क्वचितच पाहायला मिळतो. सत्याग्रह झाला, स्वामीजी तुरुंगात गेले. बंदी उठायला १९४६ उजाडलं. बाहेर आलेल्या संघटनेचे अध्यक्ष तेच झाले.

आता नकाशा समजून घेऊ, नाहीतर पुढची गोष्ट कळणार नाही.

हैदराबाद संस्थान सुमारे ८२ हजार चौरस मैलांचं होतं. लोकसंख्या १ कोटी ६० लाखांच्या आसपास. १६ जिल्हे : आठ तेलुगू, पाच मराठी, तीन कन्नड. चारही बाजूंनी भारत, समुद्र कुठेच नाही. जून १९४७ मध्ये निजाम मीर उस्मान अली खान यांनी जाहीर केलं की इंग्रज गेले की आपण भारतातही जाणार नाही आणि पाकिस्तानातही नाही, स्वतंत्र राहणार. बंदर नाही म्हणून पोर्तुगिजांच्या ताब्यातल्या गोव्याकडेही त्यांची नजर होती. शिवाय १९०२ मध्ये इंग्रजांना कायमच्या भाडेपट्ट्याने दिलेला वऱ्हाड परत मिळावा अशी अपेक्षा होती. म्हणजे अमरावती-अकोला-यवतमाळही या वाटाघाटीत होतंच.

आणि धाराशिवची सीमा तर अक्षरशः विस्कटलेल्या गोधडीसारखी. बार्शी तालुका ब्रिटिश, म्हणजे आता भारतीय. शेजारचा उस्मानाबाद निजामाचा. काही भारतीय गावं चारही बाजूंनी निजामाच्या हद्दीत, काही निजामी गावं भारताच्या हद्दीत घुसलेली. बाजाराला जाताना करोडगिरी नाक्यावर जकात द्यायची, म्हणजे स्वतःच्याच पाहुण्यांकडे जाताना देश बदलायचा.

दिल्लीत बोलणी सुरू झाली तेव्हा समोरासमोर दोन पक्ष होते. भारताच्या बाजूने माउंटबॅटन, सरदार पटेल आणि व्ही. पी. मेनन. निजामाच्या बाजूने पंतप्रधान छत्तारीचे नवाब, अली यावर जंग आणि इंग्रज वकील वॉल्टर मॉन्क्टन. संस्थानातल्या दीड कोटी लोकांच्या वतीने कोण? कुणीच नाही. स्वामीजींचा आक्षेप नेमका इथे होता. हा राजा आणि सरकार यांच्यातला करार नाही, आधी संस्थानात लोकांना जबाबदार असलेलं सरकार आणा आणि मग सामीलनामा करा, अशी स्टेट काँग्रेसची भूमिका होती. ७ ऑगस्टला त्यांनी भारतात सामील होण्याच्या मागणीचा दिवस पाळायला लावला. १५ ऑगस्ट उजाडताना देश जल्लोष करत होता आणि स्वामीजींना अटक झाली होती.

ते आत असताना बाहेर करोडगिरी नाकी फोडली जात होती, निजामाला महसूल देणारी शिंदीची झाडं तोडली जात होती. सोलापूर आणि बार्शीच्या बाजूला कार्यकर्त्यांचे कॅम्प उभे राहिले. रझाकारांच्या भीतीने गावंच्या गावं सीमा ओलांडून तिकडे आली.

इकडे निजामाचं शिष्टमंडळ करार जवळजवळ पक्का करून दिल्लीला निघायच्या बेतात होतं. २७ ऑक्टोबरच्या पहाटे रझवीच्या माणसांनी हैदराबादेत मॉन्क्टन, छत्तारी वगैरेंच्या घरांना गराडा घातला आणि त्यांना निघूच दिलं नाही. छत्तारी पायउतार झाले, नवं शिष्टमंडळ आलं. लातूरच्या वकिलाने एका रात्रीत राजाच्या परराष्ट्र धोरणाची सूत्रं हातात घेतली, असं म्हटलं तर फार चूक होणार नाही.

भारतानेही घाई केली नाही. त्याच दिवसांत काश्मीरमध्ये सैन्य उतरवावं लागलं होतं, जुनागढचा प्रश्न पेटला होता. २९ नोव्हेंबर १९४७ रोजी 'जैसे थे' करारावर सह्या झाल्या. मुदत एक वर्ष. इंग्रजांबरोबर जे संबंध होते तेच भारताबरोबर राहतील, परस्परांकडे प्रतिनिधी असतील. भारताचे प्रतिनिधी म्हणून क. मा. मुन्शी हैदराबादला गेले.

स्वामीजी सुटले, पण या करारावर खूश नव्हते. त्यांच्या दृष्टीने दिल्लीने एक वर्ष विकत घेतलं आणि ते वर्ष मोजणार होते गावातले लोक. मला वाटतं, इथे दोन्ही बाजू समजून घेता येतात. पटेल-मेनन यांना काश्मीर सुरू असताना दुसरी आघाडी परवडणारी नव्हती. पण नळदुर्ग-तुळजापूरच्या शेतकऱ्याला हे कोण समजावणार होतं? जानेवारी १९४८ मध्ये स्वामीजींना पुन्हा अटक झाली. म्हणजे ज्या आठ-नऊ महिन्यांत संस्थानाचं भवितव्य ठरलं, ते सगळे त्यांनी कोठडीत काढले.

करार कागदावरच राहिला. निजाम सरकारने पाकिस्तानला २० कोटींचं कर्ज दिलं, भारतीय चलनावर निर्बंध घातले. जून १९४८ मध्ये माउंटबॅटन भारत सोडण्याआधी शेवटचा मसुदा तयार झाला. त्यात निजामाला बऱ्याच सवलती होत्या, इतक्या की भारतातही अनेकांना त्या पटल्या नव्हत्या. निजामाने तोही नाकारला. जुलैमध्ये नान्नजला भारतीय तुकडीवर हल्ला झाला आणि भारताने ते गाव ताब्यात घेतलं. हेच ते माळढोक अभयारण्याचं नान्नज. ऑगस्टमध्ये निजाम सरकारने संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेत तक्रार केली.

ही तक्रार पॅरिसमध्ये १६ सप्टेंबरला सुनावणीला आली. तोवर सैन्य आत घुसून तीन दिवस झाले होते.

१३ सप्टेंबरच्या पहाटे मेजर जनरल जयंतनाथ चौधरी यांच्या हाताखालचं मुख्य दल सोलापूरहून हैदराबादच्या रस्त्याला लागलं. पहिलं मोठं ठाणं नळदुर्ग. बोरी नदीवरचा पूल उडवला गेला असता तर रणगाडे तिथेच अडकले असते, पण पूल शाबूत हाती लागला. दुसरी तुकडी तुळजापूरकडे वळली आणि तिथून उस्मानाबाद, लातूरकडे. १७ तारखेला निजामाने शस्त्रं खाली ठेवली, स्वामीजी तुरुंगातून सुटले. दुसऱ्या दिवशी औपचारिक शरणागती झाली. रझवीला अटक झाली. १९५७ मध्ये सुटल्यावर तो पाकिस्तानात गेला.

इथे बहुतेक व्हिडिओ आणि पोस्ट संपतात. पण धाराशिवमध्ये बसून ही गोष्ट सांगायची तर पुढचं टाळता येत नाही. कारवाईच्या दरम्यान आणि नंतर जिल्ह्याजिल्ह्यांत मुसलमानांवर हल्ले झाले. त्यात रझाकारांशी काही संबंध नसलेली माणसं मारली गेली. नेहरूंनी पाठवलेल्या पंडित सुंदरलाल समितीने संस्थानात फिरून २७ ते ४० हजार बळींचा अंदाज दिला. सर्वात जास्त झळ पोहोचलेल्या चार जिल्ह्यांत नांदेड, बिदर, गुलबर्गा यांच्याबरोबर उस्मानाबादचं नाव आहे. हा अहवाल कित्येक दशकं लोकांसमोर आला नाही. त्याआधी रझाकारांनी जाळलेल्या गावांची आठवण आणि ही आठवण, दोन्ही याच मातीतल्या आहेत.

मुक्तीनंतर हैदराबादचं मुख्यमंत्रिपद स्वामीजींकडे येईल असं अनेकांना वाटलं असणार. तसं झालं नाही. आधी लष्करी राजवट, मग वेल्लोडी हे प्रशासकी मुख्यमंत्री, १९५२ च्या निवडणुकीनंतर बुर्गुल रामकृष्ण राव. काँग्रेसमध्ये गट होते, आणि स्वामीजी गोड बोलून माणसं जोडणाऱ्यांतले नव्हते. ते गुलबर्ग्यातून लोकसभेत गेले.

आणि मग त्यांनी दुसरा प्रश्न हाती घेतला. निजाम गेला, पण संस्थानाचा नकाशा तसाच होता. हैदराबाद हे वेगळं राज्य म्हणून भारतात राहिलं होतं. तीन भाषा, तीन प्रदेश, एक राजधानी. नेहरूंना ते मोडणं सुरुवातीला पसंत नव्हतं. अनेक हैदराबादी नेत्यांनाही ती मिश्र संस्कृती जपावीशी वाटत होती, आणि त्यात तथ्य नव्हतं असं नाही. स्वामीजींचं म्हणणं मात्र सरळ होतं : राजाने आपल्या सोयीने बांधलेली हद्द लोकांनी का सांभाळायची? तेलंगण आंध्राकडे, कन्नड जिल्हे कर्नाटकाकडे, मराठवाडा महाराष्ट्राकडे. हिप्परग्याच्या शाळेत मातृभाषेचा जो मुद्दा होता, तोच आता राज्याच्या सीमेला लागू झाला.

१९५५ मध्ये फाजल अली आयोगाने मराठवाडा मुंबई राज्याला आणि कन्नड जिल्हे म्हैसूरला देण्याची शिफारस केली. तेलंगण मात्र तूर्त वेगळं ठेवा असं सुचवलं. प्रत्यक्षात तेही आंध्राला जोडलं गेलं. १ नोव्हेंबर १९५६ ला हैदराबाद राज्य नकाशावरून गेलं.

ही वाटणी जिल्ह्यांच्या रेषेवर सरळ झाली नाही. बिदर म्हैसूरला गेला, पण त्यातले उदगीर, निलंगा आणि अहमदपूर हे तालुके इकडे आले. नांदेडच्या देगलूर तालुक्यातली बिचकुंदा आणि जुक्कल ही मंडळं मात्र तेलुगू बाजूला गेली. औराद, भालकी, हुमनाबाद हे बिदरबरोबरच राहिले आणि तिथल्या मराठी माणसांचं दुखणं अजून सीमावादाच्या यादीत आहे. भाषेवर हद्द आखायची म्हटली तरी मिश्र गावांचं काय करायचं, याचं उत्तर कुणाकडेच नव्हतं. स्वामीजींकडेही नव्हतं.

१९५७ मध्ये ते औरंगाबादहून निवडून आले. एकाच माणसाचे दोन मतदारसंघ, पाच वर्षांत दोन वेगळ्या राज्यांत गेलेले. १९६७ साली हैदराबादच्या लढ्याच्या आठवणींचं त्यांचं इंग्रजी पुस्तक आलं. २२ जानेवारी १९७२ रोजी हैदराबादेत त्यांचं निधन झालं. तेव्हा ते शहर आंध्र प्रदेशची राजधानी होतं, त्यांचं जन्मगाव म्हैसूर राज्यात होतं आणि हिप्परग्याची शाळा महाराष्ट्रात.