शांतिसेनेचे जनक : लेस्टर पिअर्सन

लेस्टर पिअर्सन यांचा जन्म १८९७ साली कॅनडात एका धर्मोपदेशकाच्या घरी झाला. पहिल्या महायुद्धात ऐन तारुण्यात ते सैन्याच्या वैद्यकीय पथकात दाखल झाले. पुढे काही काळ त्यांनी टोरांटो विद्यापीठात इतिहास शिकविला. १९४८ साली ते परराष्ट्रमंत्री झाले.

१९५६ साली इजिप्तने सुएझ कालव्याचे राष्ट्रीयीकरण केले. तेव्हा इस्राएल, ब्रिटन व फ्रान्स यांनी इजिप्तवर चढाई केली. पिअर्सन यांच्यापुढे मोठा पेच पडला. कित्येक कॅनडावासी ब्रिटनला मातृभूमी मानीत. परंतु आपल्या माणसाची चूक झाली, तरी ती चूकच! अनेक राष्ट्रांचे सैनिक लढण्यासाठी नव्हे, तर लढाई थांबविण्यासाठी धाडावेत, अशी योजना त्यांनी संयुक्त राष्ट्रसंघात मांडली. ती संमत झाली. त्या शांतिसेनेत भारतीय जवानही होते.

स्वदेशात मात्र त्यांच्यावर टीकेचा भडिमार झाला. १९५७ च्या निवडणुकीत त्यांच्या पक्षाचा पराभव होऊन त्यांचे मंत्रिपद गेले. त्याच वर्षी त्यांना शांततेचे नोबेल पारितोषिक मिळाले. १९६३ ते १९६८ या काळात ते पंतप्रधान होते. १९७२ साली त्यांचे निधन झाले. स्वकीयांचा रोष पत्करूनही न्यायाची कास न सोडणारा हा मुत्सद्दी जगाच्या आदरास पात्र ठरला.