पंडिता रमाबाई व त्यांच्या घरची माणसे

आमच्या खेडोपाडीच्या मंडळ्यांत कोणाच्या घरी मृत्यू झाला म्हणजे दोन प्रकारचे बोल कानी येतात. जुन्या भाऊबंदांपैकी कोणी म्हणतो की, यांनी कुळधर्म सोडला, आता यांस आईबापांसाठी रडण्याचा हक्क काय उरला? आणि आपल्यातीलच कोणी उत्साही बंधू, क्वचित उपदेशकही, म्हणतो की, विश्वासणाऱ्याने अश्रू ढाळणे म्हणजे पुनरुत्थानाविषयी संशय धरणे होय. या दोन बोलांच्या मध्ये सापडून बिचारी विधवा किंवा जिचे मूल गेले अशी माता मुकी होऊन बसते. पंडिता रमाबाईंचे चरित्र आम्ही आज हाती घेतले आहे ते याच कारणास्तव. त्यांची विद्वत्ता, त्यांचे प्रवास, सभांतील त्यांची भाषणे यांविषयी पुष्कळांनी लिहिले आहे. आम्ही येथे त्यांच्या घरच्या माणसांविषयी व त्या माणसांच्या जाण्याविषयी लिहिणार आहोत. बाकीचे ओघाने येईल तेवढेच.

रमाबाईंचे वडील अनंतशास्त्री डोंगरे हे चित्पावन ब्राह्मण, मोठे विद्वान व अत्यंत धर्मनिष्ठ. पुण्यास विद्यार्जन करीत असता त्यांचे गुरू दुसऱ्या बाजीरावाच्या वाड्यात पेशव्यांच्या पत्नीस संस्कृत शिकवीत, ते पाहून आपल्याही पत्नीस शिकवावे असा ध्यास शास्त्रीबोवांनी घेतला. पहिल्या पत्नीच्या वेळी घरच्यांपुढे काही चालले नाही. ती वारल्यावर यात्रेत असता गोदावरीच्या काठी एका ब्राह्मणाची गाठ पडली आणि त्याने आपली नऊ वर्षांची कन्या त्यांस दिली. तेव्हा शास्त्रीबोवांचे वय चव्वेचाळीस होते. असा विवाह आज कोणास रुचणार नाही, आम्हांसही रुचत नाही. पण त्या बालिकेस त्यांनी दासी न करता शिष्या केले, हेही सांगितले पाहिजे. स्त्रीस देवभाषा शिकवितो म्हणून जातीत गवगवा झाला. उडुपी येथे पंडितांच्या सभेपुढे त्यांनी आपला पक्ष शास्त्राधारे मांडला आणि पुढे लोकांच्या कटकटीस कंटाळून पश्चिम घाटातील गंगामूळ नावाच्या रानात झोपडी बांधून ते राहिले. तेथे 1858 सालच्या एप्रिलच्या 23 तारखेस रमाबाईंचा जन्म झाला.

त्या रानातही शिष्य व अतिथी येतच राहिले. सर्वांस जेवू घालता घालता घरची जिंदगी सरली, आणि बाळ सहा महिन्यांचे असताच कुटुंब यात्रेस निघाले. लहानग्या रमेस वेताच्या पेटीत घालून ती पेटी एका माणसाच्या डोक्यावर दिली होती. अशा रीतीने जे चालणे सुरू झाले ते सोळा वर्षे थांबले नाही. या तीर्थाहून त्या तीर्थास जावे, देवळात किंवा धर्मशाळेत उतरावे, पुराण सांगावे, लोक जे धान्य व दक्षिणा देतील त्यावर निर्वाह करावा, असा क्रम होता. शास्त्रीबोवा वृद्ध झाले, त्यांची दृष्टी मंदावली, म्हणून धाकट्या मुलीस शिकविण्याचे काम आई लक्ष्मीबाईंनी पत्करले. दिवसभर रांधणे, वाढणे, चालणे. तेव्हा आईला फावे ती वेळ पहाटेची. पाखरे उठण्याच्या वेळी मुलीस जागे करून, कुशीत घेऊन, ती माउली तिच्याकडून श्लोक म्हणवून घेई. भागवताचे अठरा हजार श्लोक रमाबाईंना पाठ होते हे जगास ठाऊक आहे. ते कोणत्या शाळेत पाठ झाले हे मात्र फार थोड्यांच्या ध्यानात येते.

नंतर दक्षिणेत दुष्काळ पडला. या कुटुंबास मोलमजुरी ठाऊक नव्हती आणि भीक मागण्याची लाज वाटत होती. होते नव्हते ते देवांस व ब्राह्मणांस देऊन झाले, भांडी विकली, वस्त्रे विकली, व्रते केली, उपवास केले. अखेर तिरुपतीकडच्या रानात शिरून अकरा दिवस त्यांनी पाणी, झाडपाला व थोडी रानफळे यांवर काढले. तेव्हा वृद्ध पित्याने जलसमाधी घेण्याचे ठरविले आणि एकेकास जवळ घेऊन निरोप देऊ लागला. रमाबाई सर्वांत धाकटी. आंधळ्या बापाने तिला पोटाशी धरले आणि जन्मभर देवाची सेवा करीत सन्मार्गाने चाल, मी तुला त्याच्याच हाती दिले आहे, अशा अर्थाचा शेवटचा उपदेश केला. एवढ्यात थोरला भाऊ श्रीनिवास पुढे झाला. जातीचा अभिमान टाकून मी मजुरी करीन व तुम्हां सर्वांस पोशीन, असे त्याने सांगितल्यावर बापाचा निश्चय फिरला व सर्व रानातून बाहेर आले. पण शरीर थकून गेले होते. थोड्याच दिवसांत, 1874 साली, अनंतशास्त्री ज्वराने वारले. मरणापूर्वी त्यांनी संन्यास घेतला असल्यामुळे देह पुरावयाचा होता; परंतु खांदा देण्यास कोणी येईना. तेव्हा श्रीनिवासाने बापाचा देह धोतरात बांधला व तो भार एकट्याने दोन मैलांवर नेऊन मातीआड केला.

आईचे जाणे याहून कठीण. ती अन्नावाचून क्षीण होऊन पडली असता एकदा तिला बाजरीच्या भाकरीच्या तुकड्याची इच्छा झाली. रमाबाई शेजारच्या एका ब्राह्मण बाईच्या दारी गेल्या. जन्मात कधी मागितले नव्हते. तोंडातून शब्द फुटेना, नुसते रडू लोटले. त्या बाईने ओळखले आणि दयेने भाकर दिली. ती घेऊन मुलगी धावत आली, परंतु आईच्या अंगी घास गिळण्याची शक्ती राहिली नव्हती. ती गेल्यावर पुन्हा तोच प्रसंग. दोन ब्राह्मणांस करुणा आली, तिसरा श्रीनिवास, आणि चौथा खांदेकरी मिळेना म्हणून सोळा वर्षांची मुलगी पुढे झाली. मसणवटा तीन मैल लांब. मुलगी ठेंगणी, तिचा खांदा इतरांच्या खांद्यास लागेना, म्हणून तिने तिरडीची आपली बाजू डोक्यावर घेतली. पुढे थोरली बहीण कृष्णाबाई हीही वारली.

राहिली दोन भावंडे. ती पायी उत्तरेस निघाली. पंजाबातील झेलम नदीच्या काठी थंडीचे निवारण करण्यास पांघरूण नव्हते, म्हणून वाळूत खड्डे करून गळ्यापर्यंत स्वतःस पुरून घेऊन त्यांनी रात्री काढल्या. एवढ्या व्रतांनी व तीर्थांनी काही झाले नाही, हे पाहून त्यांचा जुन्या देवांवरील विश्वास उडत चालला होता. 1878 साली ती कलकत्त्यास पोहोचली. तेथील पंडितांनी वीस वर्षांच्या या मुलीची परीक्षा घेऊन तिला पंडिता व सरस्वती या पदव्या दिल्या, आणि जिला तिरडीस चौथा माणूस मिळाला नव्हता तिच्या सभांना गर्दी लोटू लागली. मानमरातब हा असाच, वेळेवर कधी येत नाही. दोन वर्षांनी, 1880 साली, डाक्का येथे श्रीनिवासही आजारी पडून मरण पावला. माझ्यामागे या बहिणीचे कसे होईल ही एकच काळजी त्याला लागली होती. तेव्हा देवावाचून आपल्याला कोणी नाही व तो सांभाळील, असे सांगून रमाबाईंनीच त्याचे समाधान केले. ख्रिस्ताचे नाव त्यांना तेव्हा नीटसे ठाऊक नव्हते.

त्याच वर्षी बिपिनबिहारी या बंगाली वकिलाशी त्यांचा नोंदणी पद्धतीने विवाह झाला. जातीने ते ब्राह्मण नव्हते, म्हणून दोहोंकडून निंदा झाली. सिलचर येथे त्यांनी संसार थाटला. घरातील पुस्तकांत रमाबाईंना लूककृत शुभवर्तमानाची एक लहानशी बंगाली प्रत सापडली, आणि एक बाप्तिस्त मिशनरी येऊन त्यांना उत्पत्तीच्या कथा समजावून सांगू लागले. ख्रिस्ती व्हावेसे वाटते असे त्यांनी बोलून दाखविले तेव्हा पतीस ते आवडले नाही. 1881 च्या एप्रिलात कन्या झाली. तिचे नाव मनोरमा ठेवले. 1882 च्या फेब्रुवारीत पटकीने पतीचा अंत झाला. चोविसाव्या वर्षाच्या आत बाप, आई, बहीण, भाऊ, पती. उरली ती दहा महिन्यांची मुलगी.

येथून पुढची हकिगत आम्ही थोडक्यात सांगतो. पुण्यास येऊन त्यांनी आर्य महिला समाज काढला. 1883 साली त्या मुलीसह विलायतेस गेल्या. तेथे त्यांची सोबतीण आनंदीबाई भगत हिने आत्मघात केला. म्हणजे परक्या देशातही मृत्यूने त्यांची पाठ सोडली नाही. त्याच वर्षी सप्टेंबरच्या 29 तारखेस वाँटेज गावी मायलेकींचा बाप्तिस्मा झाला. अमेरिकेत असता 1887 साली त्यांनी उच्चवर्णीय हिंदू स्त्रियांच्या स्थितीवर इंग्रजीत पुस्तक प्रसिद्ध केले, आणि ते आपल्या मृत आईस अर्पण केले. वाचकहो, या गोष्टीकडे आम्ही तुमचे लक्ष वेधतो. त्या वेळी रमाबाई ख्रिस्ती होऊन चार वर्षे होत आली होती. त्यांची आई मूर्तिपूजक अशीच वारली होती. तरी आपल्या आयुष्यातील प्रकाश व मार्गदर्शन त्या आईचेच असे जगापुढे सांगण्यास त्यांना संकोच वाटला नाही. पित्याविषयीही, त्यांनी अज्ञात देवाची का होईना, पण सर्व अंतःकरणाने सेवा केली, असे त्या लिहून गेल्या आहेत. बाप्तिस्मा न घेता वारलेल्या आईबापांचे काय, हा प्रश्न आमचे उपदेशक बंधू वारंवार विचारतात. त्या न्यायासनावर बसण्याचा अधिकार आम्हांस नाही. परंतु त्यांचे नाव कृतज्ञतेने घेण्यास ख्रिस्ती मनुष्यास प्रत्यवाय नाही, एवढे या उदाहरणावरून निःशंकपणे सांगता येते.

1889 साली मुंबईस शारदा सदन निघाले व पुढच्या वर्षी ते पुण्यास आले. तेथे बालविधवांस शिक्षण मिळे. काही मुलींचा ओढा ख्रिस्ताकडे होऊ लागल्यावर 1893 साली गावात मोठा क्षोभ झाला आणि पालकांनी पुष्कळ मुली काढून नेल्या. पूर्वीचे सहायक दुरावले. परंतु आम्हांस सांगावयाचे आहे ते त्यानंतरचे. 1896 साली मध्य प्रांतात दुष्काळ पडला. जवळ पैसा पुरेसा नव्हता, जाऊ की नको असे झाले. पण बावीस वर्षांपूर्वीची आपली उपासमार त्यांना स्वस्थ बसू देईना. त्या तेथे गेल्या. रस्त्याच्या कडेला, झाडांखाली, हाडांचे सापळे होऊन बसलेल्या पोरी त्यांनी पाहिल्या. इतर परोपकारी लोकांस तेथे दुष्काळपीडित दिसत होते. रमाबाईंस कोण दिसत असेल हे ज्याने वरची भाकरीची हकिगत वाचली त्याला निराळे सांगावयास नको. तीनशेच्या सुमारास मुली त्यांनी आणल्या. पुण्याजवळ केडगाव येथे शंभर एकर जमीन घेतलेली होती, तेथे मुक्तिसदन वसले. 1900 च्या गुजराथच्या दुष्काळानंतर तेथील माणसांची संख्या दोन हजारांच्या घरात गेली. कित्येक मुली येऊनही वाचल्या नाहीत. पण ज्या गेल्या त्यांना कोणी धोतरात बांधून एकट्याने न्यावे लागले नाही.

मनोरमाबाई मोठ्या झाल्या, पदवीधर झाल्या, आईचा उजवा हात झाल्या. अमेरिकेत अंधांची लिपी शिकून त्यांनी मुक्तीतील आंधळ्या मुलींस वाचावयास शिकविले. गुलबर्ग्याची शाळाही त्यांनी चालविली. रमाबाईंस ऐकू येईनासे झाले होते. आपल्यामागे सर्व कारभार ही पाहील असे त्यांनी व सर्वांनी धरून चालले होते. 1921 च्या जुलैच्या 24 तारखेस, वयाच्या अवघ्या चाळिसाव्या वर्षी, मनोरमाबाई मिरजेस वारल्या. ज्या आईने आपल्या आईची तिरडी वाहिली होती तिने आता एकुलत्या एक लेकीचा मृत्यू पाहिला.

येथे आम्ही थोडे थांबतो. अशा वेळी रमाबाई मुळीच रडल्या नाहीत, देवाची इच्छा म्हणून शांत राहिल्या, असे वर्णन करणे सोपे आहे, व व्याख्यानांतून तसे केलेले आम्ही ऐकले आहे. आईच्या अंतःकरणात काय चालले होते ते देवास ठाऊक. लाजराच्या कबरेपाशी आपला प्रभु रडला; पुढच्या घटकेस तो लाजरास उठविणार होता, तरी रडला. मग बहात्तर कोस पलीकडच्या कोणा खेड्यात लेकरू पुरून आलेल्या बाईस रडू नको म्हणून दटावणारे आपण कोण?

त्या शोकात रमाबाईंच्या हाती एक काम होते. खेड्यातील साध्या बायांस कळावे म्हणून संपूर्ण पवित्र शास्त्राचे सोप्या मराठीत भाषांतर करण्याचे त्यांनी कित्येक वर्षांपूर्वी आरंभिले होते, व त्यासाठी इब्री व ग्रीक या भाषांचा अभ्यास केला होता. मुक्तीच्या छापखान्यात मुक्तीतल्याच स्त्रिया खिळे जुळवीत. मनोरमाबाई गेल्यावर नऊ महिनेही रमाबाई राहिल्या नाहीत. पण तेवढ्यात त्या मुद्रिते तपासून पुऱ्या करीत आल्या. शेवटचे कागद हातावेगळे झाले आणि 1922 च्या एप्रिलच्या 5 तारखेस, वयाला चौसष्ट वर्षे पुरी होण्यास काही दिवस उरले असता, त्या वारल्या. ते पवित्र शास्त्र 1924 साली बाहेर पडले. या वेळी तिरडीस चौथा माणूस शोधावा लागला नाही.