सूर्यतापाचे माप घेणाऱ्या अ‍ॅना मणी

तराजूत पासंग असला की माल कितीही चोख असो, माप खोटेच ठरते. व्यवहारातली ही गोष्ट ज्यांनी विज्ञानात जन्मभर पाळली, त्या अ‍ॅना मणी मूळच्या त्रावणकोरच्या. परंतु त्यांची कर्मभूमी मुख्यतः पुणे.

२३ ऑगस्ट १९१८ रोजी पीरमेडे येथे एका सुखवस्तू घराण्यात त्यांचा जन्म झाला. आठव्या वाढदिवशी घरच्या रिवाजाप्रमाणे हिऱ्यांच्या कुड्या मिळायच्या, तेव्हा मुलीने ज्ञानकोश मागितला! पुढे बंगलोरास सर चंद्रशेखर वेंकट रामन यांच्या हाताखाली हिरे व माणके त्यांनी अभ्यासिली, ती वर्णपटासाठी. स्वतःच्या नावावर पाच शोधनिबंध प्रसिद्ध होऊनही, एम. एस्‌सी. नाही एवढ्यासाठी मद्रास विद्यापीठाने त्यांना डॉक्टरेट दिली नाही. त्या उणिवेचा त्यांनी कधी बाऊ केला नाही.

१९४५ साली त्या विलायतेस गेल्या, तेथे हवामानाची उपकरणे शिकल्या आणि १९४८ साली पुण्याच्या वेधशाळेत रुजू झाल्या. सुमारे शंभर उपकरणांचे प्रमाणित आराखडे त्यांनी तयार करविले. १९५७-५८ च्या आंतरराष्ट्रीय भूभौतिक वर्षात देशभर सूर्यताप मोजणारी केंद्रे उभी केली.

हे मापन मोठे नाजूक. प्रमाण मानलेल्या उपकरणात दोन काळ्या पट्ट्या असतात. एक उन्हात, दुसरी सावलीत. सावलीतली पट्टी विजेने तापवीत दोघींचे तापमान सारखे करावयाचे. लागलेल्या विजेवरून उन्हाचे बळ कळते. केंद्राकेंद्रांची उपकरणे अशा प्रमाणाशी ताडावी लागतात. चुकीच्या मापापेक्षा माप नसलेले बरे, असा बाईंचा दंडक होता.

तो किती योग्य, हे पुढे अंतराळाने दाखविले. एकदा उपग्रह वर गेला की त्यावरील उपकरणाला हात लावता येत नाही. खरी पारख आधी जमिनीवरच व्हावी लागते. पूर्वीचे उपग्रह सूर्याची शक्ती दर चौरस मीटरला सुमारे १३६६ वॉट सांगत. २००३ साली सोडलेल्या अमेरिकन उपग्रहाने १३६१ सांगितली. सूर्य मंदावला नव्हता. जुन्या उपकरणांत इतस्ततः विखुरलेला प्रकाश शिरत होता. पासंग तो हाच!

१९६३ साली थुंबा येथे अग्निबाणांचे तळ उभे राहिले, तेव्हा तेथील हवामान वेधशाळाही बाईंनीच उभारली. १९७६ साली निवृत्त झाल्यावर भारतातील सूर्यतापाचे आकडे त्यांनी ग्रंथबद्ध केले. १६ ऑगस्ट २००१ रोजी त्या निवर्तल्या. सौरशक्तीची गणिते मांडणाऱ्यांच्या हाती त्यांनी जो ठेवा दिला, तो खऱ्या मापाचा होता.